गिटारचं हळदीकुंकू

तिशी उलटलेला माणूस गिटार शिकायला आला, की मी त्याला आधी खुर्ची देते आणि मग विचारते, “काय झालं?”

डॉक्टर विचारतात तसंच. कारण या वयात कुणी सहज म्हणून गिटार शिकायला येत नाही. काहीतरी झालेलं असतं. कुणाचं लग्न मोडलेलं असतं, कुणाचं जमलेलं असतं. एका बँक मॅनेजरला डॉक्टरांनी बोटं हलती ठेवायला सांगितली होती. त्यावर बायकोने कणकेची परात पुढे केली, म्हणून तो थेट माझ्याकडे पळून आला. एका सॉफ्टवेअरवाल्या मुलाने आल्या आल्या मोबाइलवर कुणाचा तरी भन्नाट सोलो लावून दाखवला आणि म्हणाला, “आंटी, मुझे इतनाच सीखना. बाकी सब नक्को.” मी म्हटलं, “शिकवते बाळा. आधी गिटार सुलटी धर.”

निजामाच्या शहरात, चिक्कडपल्लीत एका मिठाईच्या दुकानावरच्या मजल्यावर माझा क्लास आहे. खाली जिलब्या पडतात, वर आम्ही सूर पाडतो. गेली कितीतरी वर्षं हे चाललंय. त्याआधी मी ऑर्केस्ट्रात होते. तिथे माझं काम गायकाच्या मागे बसून ताल धरून तारा छेडत राहायचं. सोलोची जागा आली की पुढचा लीड गिटारवाला उठायचा आणि टाळ्या घेऊन खाली बसायचा. मला कुणी “तू वाजव” म्हटलं नाही आणि मीही कधी मागितलं नाही. त्याची रुखरुख आहेच. पण तिचा एक फायदा झाला. सोलो वाजवणाऱ्यांकडे मी इतकी वर्षं मागून पाहिलं, की कोण खरं बोलतंय आणि कोण पाठ केलेलं म्हणतंय हे मला नुसत्या पाठीवरून कळायला लागलं.

तर एके सकाळी माझ्या खुर्चीत एक गृहस्थ येऊन बसले. पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं, ताठ कणा. नाव दिगंबरराव परसोडकर, राहणार नारायणगुडा, जिल्हा न्यायाधीश म्हणून निवृत्त. त्यांच्या घराण्यात निजामाच्या काळापासून सगळे सरकारी नोकरीत, त्यामुळे खुर्चीत कसं बसायचं हे रक्तातच होतं. मी नेहमीचा प्रश्न विचारला.

“काय झालं?”

जजसाहेबांनी खोलीत दुसरं कुणी नाही याची खात्री करून घेतली आणि म्हणाले, “मी खोटं बोललो.”

हकीकत अशी. त्यांची एकुलती मुलगी केतकी हिचं लग्न तिच्या ऑफिसातल्या चैतन्य नावाच्या तेलुगू मुलाशी ठरलं होतं. बोलणी करायला ही मंडळी मलकाजगिरीला व्याह्यांच्या घरी गेली. व्याही सीतारामय्या गारू हौशी व्हायोलिनवादक निघाले. कॉफी झाल्यावर त्यांनी व्हायोलिन काढलं, डोळे मिटले आणि अर्धा तास मनाला येईल तसं वाजवलं. समोर कागद नाही, काही नाही. मग डोळे उघडून प्रेमाने विचारलं, “बावगारू, आप क्या बजाते?” तेलुगू लोक व्याह्याला बावगारू म्हणतात; गारू म्हणजे आपलं राव. आणि विचारण्याचा सूर असा, की प्रत्येक सभ्य माणूस काहीतरी वाजवतोच.

“मी ‘काही नाही’ म्हणणार होतो,” जजसाहेब सांगत होते, “पण समोर त्यांचा पुतण्या बसला होता. त्याच्या टीशर्टवर गिटारचं चित्र होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, ‘गिटार.’ त्याच्या टीशर्टवर तंबोरा असता तर मी आज तुमच्याकडे आलो नसतो.”

“मग ते काय म्हणाले?”

“म्हणाले, फिर तो संगीत के दिन हम दोनों की जुगलबंदी होना! आणि आमची ही, केतकीची आई, माझ्याकडे असं पाहत राहिली, की बत्तीस वर्षं संसार करून हा माणूस कोण हेच कळलं नाही.”

“अहो, मग फोन करून सांगा ना. गंमत केली म्हणावं.”

“मॅडम, खोटं बोलणाऱ्या साक्षीदारांना झापण्यात माझा जन्म गेला.”

“ते शपथेवर बोलायचे. तुम्ही शपथेवर नव्हतात.”

“सोफ्यावर होतो. व्याह्यांच्या शेजारी. जवळजवळ तेच.” मग थोडं पुढे वाकून म्हणाले, “ते विधान मला मागे घ्यायचं नाहीये. ते खरं करायचंय. लग्नाला चार महिने आहेत. शक्य आहे का?”

हो म्हणणं वेडेपणाचं होतं. पण इतक्या सरळ कण्याने खोटं कबूल करणारा विद्यार्थी पुन्हा भेटला नसता, म्हणून मी हो म्हटलं.

आबिड्सला जाऊन आम्ही गिटार घेतली. दुकानदाराने एक वाजवून दाखवली तर जजसाहेब त्याला म्हणाले, “तुम्ही नका वाजवू. तुमचा यात हितसंबंध आहे.”

आता थोडं धंद्याचं सांगते. गाण्यात मध्येच गाणारा थांबतो आणि एखादा वादक पुढे होऊन एकटाच वाजवतो, तो सोलो. तो आधी न ठरवता, त्या क्षणी सुचेल तसा वाजवायचा असतो. ऐकणाऱ्याला वाटतं, याला आभाळातून काही येतंय. तसं काही नसतं. एकूण सूर बारा. त्यातले आज पंगतीला कोण बोलावले आहेत, ते म्हणजे स्केल. पाचांना बोलावलं तर पाचच पाटावर बसणार. कुणाला आधी वाढायचं, कुणाला दोनदा आग्रह करायचा आणि कुणाच्या पुढ्यात क्षणभर थांबायचं, हे मात्र वाढणाऱ्याने तिथल्या तिथे ठरवायचं. एवढीच ती विद्या आहे. ऐकायला सोपी आणि हातात यायला महाकठीण.

गिटारच्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात. दोन पट्ट्यांमधल्या जागेला मी घर म्हणते. तार एका घरात दाबली की एक सूर, पुढच्या घरात दाबली की अर्धा सूर वर. जजसाहेबांना हे पटकन समजलं, कारण हद्दीचे दावे त्यांनी पुष्कळ ऐकले होते.

व्याही काय वाजवणार आणि त्यांचा सा कुठला, हे केतकीकरवी विचारून घेतलं. निरोप आला, मोहनम. मी खुर्चीतून उठून टाळीच वाजवली. कर्नाटक संगीतातला मोहनम म्हणजे आपला भूप. आणि गिटारवाले शिकवताना सगळ्यांत आधी जी पाच सुरांची मेजर स्केल शिकवतात, तीही तीच. तीन घरांत तीन नावांनी राहणारं एकच माणूस. म्हणजे आम्हाला पाचच सूर सांभाळायचे होते.

जजसाहेबांनी ते पाच सूर असे सांभाळले, की विचारू नका. पहाटे, जेवणाआधी, जेवणानंतर, पाचांवरून वर, पाचांवरून खाली. एक दिवस कुमुदताईंचा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा, फोन आला.

“बाई, तुमच्या त्या स्केलीत सहावा सूर नसतो का हो?”

“नसतो. का?”

“असेल तर शिकवा. जास्त पैसे देते. खालच्या लक्ष्मीगारूंचा पोपट आता तेच म्हणायला लागलाय. सकाळी कोण उठलंय, हे की पोपट, तेच मला कळत नाही.”

दुसरी पंचाईत अशी, की जजसाहेबांना मुख्य सूर, म्हणजे सा, कुठल्या घरात राहतो ते वाजवताना आठवायचं नाही. त्यावर त्यांनी स्वतःच तोड काढली. पुढच्या वेळी गिटारची पिशवी उघडली तर मानेवर लाल आणि हिरवे ठिपके. कुमुदताईंच्या टिकल्या! लाल टिकली म्हणजे सा, हिरव्या म्हणजे बाकीचे चार. मला नवऱ्याच्या गिटारपेक्षा कपाळालाच टिकली जास्त शोभते असं वाटतं, पण काम भागत होतं, म्हणून मी काही बोलले नाही.

खरी अडचण पुढे आली. पाच सूर बिनचूक झाले. मी म्हटलं, “आता तुमच्या मनाचं काहीतरी वाजवा.”

त्यांनी वर चढून दाखवलं. मग खाली उतरून दाखवलं.

“हे नाही. काहीतरी तुमचं.”

“माझं म्हणजे? कशाच्या आधारे?”

“कशाच्याच नाही. तुम्हाला वाटेल ते.”

“मॅडम, मला वाटेल ते मी आयुष्यात कधी केलेलं नाही. केलं असतं तर वरच्या कोर्टाने फिरवलं असतं.”

हा रोग मी ओळखते. स्केल शिकलेल्या दहातल्या नऊ जणांना होतो. सूर माहीत, बोटं तयार, आणि बोलायला काही नाही. जजसाहेब तर चुकीच्या भीतीने इतके ताठ व्हायचे, की गिटार त्यांनी धरली आहे की गिटारने त्यांना, ते सांगता यायचं नाही.

त्याच सुमारास एका दुपारी केतकी क्लासवर आली. ऑफिसचं ओळखपत्र अजून गळ्यातच होतं.

“मॅडम, प्लीज, तुम्हीच बाबांना नको म्हणून सांगा ना,” ती म्हणाली. “एवढे लोक असणार. चैतन्यचे सगळे रिलेटिव्ह्ज. कुणी हसलं तर? बाबांवर कधी कुणी हसलं नाहीये. त्यांना हँडल नाही होणार. मलाच नाही होणार.” आणि तिने डोळे पुसले.

मी दुसऱ्या दिवशी जजसाहेबांना आडून आडून विचारलं, की हे राहू द्यायचं का. त्यांनी गिटार मांडीवरून खाली ठेवली.

“केतकी आली होती ना तुमच्याकडे?” ते म्हणाले. “ती लहान होती तेव्हा तिच्या शाळेच्या एकाही गॅदरिंगला मी गेलो नाही. जजने लोकांत फार मिसळू नये, असं आमच्यात मानतात. उद्या त्यातलाच कुणी समोर उभा राहायचा. एकदा ती ससा झाली होती. मला फक्त तिचे कान बघायला मिळाले, घरी आल्यावर, टेबलावर काढून ठेवलेले.” त्यांनी गिटार पुन्हा उचलली. “हसू द्या हो लोकांना. तिच्या लग्नात तरी मला स्टेजवर चढू द्या.”

त्यानंतर मी राहू द्या म्हणाले नाही.

पण करायचं काय? मी विचार करत बसले आणि सहज विचारलं, “कोर्टात तुम्ही सगळ्यांत जास्त काय बोलायचात?”

“फारसं काहीच नाही. वकील बोलतात. आम्ही ‘हं’ म्हणतो.”

“मग ‘हं’ वाजवा.”

“काय?”

“मी वकील. मी वाजवते. तुम्ही ऐका आणि ‘हं’ म्हणा. तोंडाने नाही, तारेने.”

मी एक लांबलचक तान वाजवली. जजसाहेबांनी मान तिरकी करून ऐकली, थोडं थांबले, आणि एकच सूर दाबला. टंग! अगदी न्यायमूर्तींचं ‘हं’ होतं ते. पुढची तान मी मुद्दाम लांबवली, तर त्यांनी मध्येच दोन सूर टाकले. हे ‘मुद्द्यावर या’ होतं. मी हसले तर तेही हसले. मला वाटतं, गिटार हातात घेतल्यापासून पहिल्यांदाच.

मग आम्ही एकेक शब्द बसवत गेलो. ‘बरं.’ ‘असं म्हणता?’ ‘पुढे?’ ‘पुरे.’ शेवटी सा वर येऊन थांबलं की ‘तहकूब’. पाच सूर तेच, पण आता ते बोलत होते. खालचा मिठाईवाला एकदा वर येऊन विचारून गेला, “मॅडम, अंदर झगड़ा चल रहा क्या?” त्या दिवशी मी जजसाहेबांना जिलबी खाऊ घातली.

चुकीच्या सुराची भीती तेवढी राहिली होती. तीही एका सोप्या गोष्टीने गेली. या पाच सुरांच्या स्केलची एक मजा आहे. तुम्ही कुठल्याही चुकीच्या घरात शिरलात, तरी शेजारच्या एका घरात बरोबरचा सूर असतोच, डावीकडे नाहीतर उजवीकडे. तिथे बोट घसरवलं, की ऐकणाऱ्याला ते मुद्दाम केल्यासारखं वाटतं. हे मी सांगितलं तर जजसाहेबांचा चेहरा उजळला.

“म्हणजे अपील!”

“काय?”

“खाली चुकलं, वर दुरुस्त. मग भीती कसली? सगळी न्यायव्यवस्था यावरच उभी आहे.”

संगीताच्या संध्याकाळी नारायणगुड्याच्या फंक्शन हॉलमध्ये मी वेळेआधीच पोचले. जजसाहेब रेशमी झब्ब्यात होते आणि गिटार त्यांनी छातीशी धरली होती. सीतारामय्या गारू स्टेजवर व्हायोलिन जुळवत बसले होते. उंच, हसरे, कपाळावर गंधाचं नाम. शेजारी त्यांचे एक नातेवाईक मृदंग घेऊन बसलेले. मी जजसाहेबांच्या गिटारचा सा त्यांच्या सुराशी लावून पाहिला. जुळत नव्हता. त्यांचा सा आमच्यापेक्षा अर्धा सूर वर होता.

“सर, आपने तो दूसरा सुर बोला था,” मी म्हटलं.

“हाँ अम्मा, मगर ये मृदंगम इधरीच बैठता,” ते शांतपणे म्हणाले. “नीचे नै उतरता. अर्धाच तो है, आप उप्पर आ जाओ.”

वर येणं म्हणजे सगळं एक घर पुढे सरकवणं. मला किंवा हात बसलेल्या कुणालाही ते काहीच नाही. तारा ताणूनही भागलं असतं, पण आयत्या वेळी ताणलेल्या तारा वाजवता वाजवता उतरतात, आणि तो एक जादा खटला मला जजसाहेबांवर लादायचा नव्हता. पण जजसाहेब वाजवायचे टिकल्या बघून. म्हणजे टिकल्याही एकेक घर पुढे न्यायला हव्या होत्या. मी एक उचकटून पुढच्या घरात लावली, ती खाली पडली. चार महिन्यांच्या घामाने डिंक गेला होता.

“कुमुदताई, टिकल्या आहेत का?”

“कपाळावर आहे तेवढी,” कुमुदताई म्हणाल्या, आणि ती काढून त्यांनी गिटारला लावली. मग त्या पहिल्या रांगेतल्या आपल्या नणंदेकडे वळल्या, “अहो वन्सं, टिकलीचं पाकीट आहे का? गिटारला लावायचीये.”

वन्संनी पाकीट काढलं. शेजारच्या मावशींनीही काढलं. सगळ्या आपल्या बायका उठून आल्या आणि मी घर दाखवेन तिथे टिकली लावायला लागल्या. हे सगळं समोरच्या बाजूने विहीणबाई राजेश्वरी गारू बघत होत्या. त्या लगबगीने आल्या.

“अय्यो वदिनगारू! ये आप लोगां का रिवाज है? पैले बोलना था ना!” वदिनगारू म्हणजे विहीणबाई.

“नै नै, ये वैसा नै...” कुमुदताई सांगायला गेल्या, पण त्यांचं हिंदी नेहमी अडचणीच्या वेळी संपतं.

राजेश्वरी गारूंनी मागे वळून तेलुगूत हाक दिली. क्षणात हळदीकुंकवाचं ताट आलं. त्यांनी गिटारच्या पोटावर हळदीची दोन बोटं ओढली, कुंकू लावलं, वर अक्षता टाकल्या आणि तिला नमस्कार केला. मग त्यांची जाऊ. मग जावेची बहीण. रांगच लागली. मराठी पद्धत म्हणून प्रत्येकीने आपल्या पर्समधली एकेक टिकली श्रद्धेने लावली. चंदेरी, खड्यांची, चंद्रकोर, नागमोडी. एका आजींनी गिटारच्या मानेला गजरा बांधला. मी “बस, बस” म्हणत होते, तर एकीने मलाही कुंकू लावलं. शेवटी पंतुलूगारू, म्हणजे त्यांचे भटजी, नारळ घेऊन आले आणि त्यांनी कुठे फोडायचा असं विचारलं. गिटारवर नको, एवढं मात्र मी ओरडून सांगितलं.

हे सगळं होईपर्यंत जजसाहेब बारशाला बाळ धरल्यासारखी गिटार दोन्ही हातांवर धरून उभे होते. बायका बाजूला झाल्यावर त्यांनी मानेवर नजर टाकली. सगळं चमचमत होतं. लाल कुठे, हिरवी कुठे, सा कुठे, काही पत्ता नाही.

“मॅडम,” ते हळूच म्हणाले, “सगळा पुरावा नष्ट झाला.”

“आता कानाने वाजवा,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? “त्यांचं ऐका. ते बोलतील. तुम्हाला ‘हं’ म्हणता येतं.”

ते स्टेजवर जाऊन बसले. सीतारामय्या गारूंनी डोळे मिटून मोहनम सुरू केला आणि हॉल शांत झाला. फार गोड हात. एक लांब तान घेऊन ते थांबले आणि त्यांनी व्याह्यांकडे पाहिलं.

जजसाहेबांनी मान तिरकी केली.

मृदंग ठेका धरून होता. कुणीतरी खोकलं. केतकीने चैतन्यचा हात धरला होता. मेंदी ओली आहे हे दोघांच्याही लक्षात नव्हतं. माझी बोटं आपोआप पदराखाली तार दाबायला लागली होती.

मग टंग!

एकच सूर. बरोबर घरातला. ‘हं.’

सीतारामय्या गारूंच्या भुवया वर गेल्या. त्यांनी जास्त अवघड तान घेतली. जजसाहेबांनी ऐकून घेतली आणि दोन सूर टाकले. ‘असं म्हणता?’ व्याही हसले. त्यांनी तान मुद्दाम वाकडीतिकडी नेली, आणि जजसाहेबांनी मध्येच ‘मुद्द्यावर या’ टाकलं. मृदंगवाल्यांनी “भले!” म्हणून मान हलवली. लोक सावरून बसले. आता हे वादन राहिलं नव्हतं. भर हॉलमध्ये दोन व्याह्यांचा वाद रंगला होता आणि प्रत्येकाला तो कळत होता.

मग जजसाहेबांना चेव आला. त्यांनी वरच्या बाजूला बोट टाकलं आणि ते चक्क चुकीच्या घरात पडलं. असा भयंकर सूर निघाला, की पहिल्या रांगेतल्या आजींनी कानातलं यंत्र तपासलं. मी डोळे मिटले. पण बोट हळूच पुढच्या घरात घसरलं. एका खड्याच्या टिकलीवरून गेलं, त्यामुळे मध्ये ‘कर्र’ असा आवाजही आला. सूर जागेवर पोचला. सीतारामय्या गारू “आहा!” म्हणाले आणि त्यांनी तेच, अगदी त्या ‘कर्र’सकट, व्हायोलिनवर काढून दाखवलं. हॉल हसून लोटपोट झाला. जजसाहेबांवर लोक हसत होते, आणि जजसाहेब त्यांच्यापेक्षा मोठ्याने हसत होते. केतकी एकाच वेळी हसत आणि रडत होती. वडिलांना असं हसताना तिने बहुधा पाहिलंच नव्हतं.

शेवटी त्यांनी सा दाबून धरला. तो विरेपर्यंत कुणी हललं नाही. तहकूब!

जेवणाच्या टेबलावर जजसाहेब व्याह्यांच्या शेजारी बसले. पहिला घास घेण्याआधीच म्हणाले, “बावगारू, मला एक कबूल करायचंय. उस दिन मैं झूठ बोला था. मुझे गिटार नहीं आता था. उसके बाद सीखा.”

सीतारामय्या गारूंनी पप्पू भातावर, म्हणजे वरणभातावर, तूप वाढून घेतलं. “मालूम था बावगारू. मैं पूछा गिटार को तारां कितने, तो आप बोले ‘जरूरत के हिसाब से’.” आणि वर खांदे उडवले, “क्या होता जी. शादी में हर कोई एक झूठ बोलता. हमारा चैतन्य नै बोला? बोलता, मैं खाना पकाता!”

केतकीने हातातला घास पानात परत ठेवला.

“म्हणजे?” केतकी म्हणाली. “तो मुगाचा पेसरट्टू? दर शनिवारी डब्यात आणायचा तो?”

“वो मैं बनाती अम्मा,” राजेश्वरी गारू प्रांजळपणे म्हणाल्या. “उसको गॅस भी सुलगाना नै आता.”

चैतन्य मान खाली घालून केळीच्या पानावरच्या शिरा बघत होता. जजसाहेबांनी हात पुसला आणि आपुलकीने त्याच्या पाठीवर ठेवला. “काळजी करू नकोस,” ते मराठीत म्हणाले. “लग्नाला अजून एक दिवस आहे.”

लग्न व्यवस्थित लागलं. आता दर रविवारी सकाळी मी नारायणगुड्याला जजसाहेबांच्या घरी जाते. हॉलमध्ये दोन्ही व्याही वाजवायला बसतात आणि मी मध्ये बसते. आणि स्वयंपाकघरात कुमुदताई जावयाला स्वयंपाक शिकवतात.

मागच्या रविवारी आतून आवाज येत होते.

“अत्तय्या, नमक कितना?” सासूला तो तेलुगू पद्धतीने अत्तय्या म्हणतो.

“अंदाजाने घाल.”

“अंदाज माने कितने ग्रॅम?”

“अरे, अंदाज म्हणजे अंदाज!”

माझ्याने राहवलं नाही. मी उठून आत गेले. बिचारा मोबाइलवर पाककृती उघडून, वजनकाट्यावर जिऱ्याची वाटी ठेवून उभा होता. मी मोबाइल पालथा ठेवला आणि चमचा त्याच्या हातात दिला. “डोळे मीट. चव घे. भाजीला काय हवंय ते तीच सांगेल.”

त्याने डोळे मिटून चव घेतली. मग चाचपडत एक डबा उघडला आणि त्यातलं मूठभर काहीतरी कढईत टाकलं.

“काय घातलंस रे?” कुमुदताई किंचाळल्या.

“मालूम नै अत्तय्या. अच्छा लगा.”

पानं वाढली. वांग्याच्या भाजीत बेदाणे होते. दोन्ही व्याही भरपूर पाणी प्यायले. केतकीने घास घेतला, सावकाश चावला आणि नवऱ्याकडे पाहिलं.

“मीठ विसरलास,” ती म्हणाली. आणि कढई जवळ ओढून उरलेली सगळी भाजी तिने आपल्या पानात वाढून घेतली.